अस्तर, आवरण, लेप की पडदा? (कातळातल्या पाण्याच्या टाकीसाठी शब्द हवा)

ओंजळ :
जपानमधल्या हायपर-कामिओकांदे या न्यूट्रिनो-वेधशाळेवरचा (न्यूट्रिनो म्हणजे पदार्थातून जवळजवळ न अडता पार जाणारे सूक्ष्म कण) मजकूर मराठीत करते आहे. गिफू प्रांतात हिदा शहराच्या हद्दीत, डोंगराच्या पोटात सुमारे ६०० मीटर खोल ही जागा आहे. मुख्य खोदकाम २०२५ मध्ये संपलं. आत अतिशुद्ध पाणी भरायचं आहे, सुमारे २ लाख ६० हजार टन. कच्च्या मसुद्यातलं माझं वाक्य असं : ‘गुहेच्या भिंतींना जलाभेद्य आवरण लावून गळती रोखली जाते.’ गुहा, जलाभेद्य, आवरण, गळती या चारही शब्दांबद्दल मन साशंक आहे. मूळ इंग्रजीतलं ‘लायनर’ तसंच ठेवलं तर सामान्य वाचकाला काही दिसत नाही.

कातळ :
‘गुहा’ काढाच. गुहा निसर्गाची. ही जागा माणसाने सुरुंग लावून, थराथराने खाली उतरत कोरली आहे. ‘लेणे’ही नको, त्या शब्दाला वेगळा वास आहे. खोदून झालेल्या कच्च्या जागेला ‘पोकळी’ किंवा ‘दालन’ म्हणा, आणि आतून काम पूर्ण झाल्यावर ‘टाकी’. दोन शब्द ठेवल्याने मापांचा गोंधळ टळतो. पोकळीचा व्यास ६९ मीटर आणि उंची ९४ मीटर, त्यात २१ मीटरचा घुमट आणि ७३ मीटरचा उभा नळकांडा. टाकी मात्र ६८ मीटर व्यासाची आणि ७१ मीटर खोल. म्हणजे कातळ आणि पाणी यांच्यामध्ये चौफेर जेमतेम अर्धा मीटर उरतो. फवाऱ्याचं काँक्रीट, ओतीव काँक्रीट, निचऱ्याची सोय आणि प्लास्टिकची शीट, सगळं त्या अर्ध्या मीटरात.

शिवणटीप :
‘आवरण’ बाहेरून घालतात. आतून लागतं ते अस्तर. शब्द फारसीतून आला, पण कोटाच्या अस्तरापासून कालव्याच्या अस्तरीकरणापर्यंत तो पूर्ण आपला झाला आहे. शेततळ्याच्या सरकारी कागदपत्रांतही ‘अस्तरीकरण’च आहे, शेतकरी मात्र त्याला नुसतं ‘कागद टाकला’ म्हणतो.

इथे ‘अस्तर’ बरोबर बसण्याचं खरं कारण वेगळं आहे : अस्तर भार घेत नाही. ७१ मीटर पाण्याखाली तळाशी दाब जवळपास ७ बार. समजा ५ मिलिमीटर जाडीच्या पॉलिथिलीनने एकट्याने तो पेलायचा ठरवला. दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी (७ बार म्हणजे ०.७ मेगापास्कल, लांबी मिलिमीटरमध्ये), म्हणजे ०.७ × ३४,००० ÷ ५, साधारण ४,७५० मेगापास्कलचा ताण. हे प्लास्टिक २५ मेगापास्कलच्या आसपास ताणून सैल पडतं. जवळजवळ १९० पट कमी पडलं! तेव्हा भार कातळ आणि काँक्रीट घेतात, शीट फक्त पाणी अडवते. ‘आवरण’, ‘कवच’ म्हटलं की वाचकाला वाटतं, तेच टाकीला धरून ठेवतं.

यातूनच कामावरचा पहिला दंडक येतो. शीटच्या पाठीमागे पोकळ जागा राहता कामा नये. काँक्रीट नीट न ठासल्याने मागे खळगा राहिला, तर पाण्याचा दाब शीटला त्या खळग्यात ढकलतो आणि ती खळग्याच्या कडेवर फाटते.

ओलावा :
‘जलाभेद्य’ला माझा आक्षेप आहे. तो निरपेक्ष शब्द आहे, आणि अशा कामात निरपेक्ष काही नसतं. हिशेब करून पाहा. ७० मीटर पाण्याखाली १ मिलिमीटर व्यासाचं एकच भोक, आणि मागे निचरा मोकळा. पाणी सेकंदाला सुमारे ३७ मीटर वेगाने सुटतं. भोकाच्या कडेने धार आकसते ते धरूनही दिवसाला दीड टन जातं. पिनेच्या टोचणीएवढं भोक आणि दीड टन! आणि ६८ × ७१ मीटरच्या टाकीत अस्तराचं क्षेत्रफळ, तळ धरून, सुमारे १८,८०० चौरस मीटर. शीटचा पन्हा २ मीटर धरला तर जोडांची लांबी नऊ किलोमीटरच्या वर जाते.

याआधीच्या सुपर-कामिओकांदे वेधशाळेचं उदाहरण घ्या. ५० हजार टनांची टाकी, अस्तर स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचं. पाण्यात गॅडोलिनियम या धातूचा क्षार मिसळायचा ठरला, तेव्हा तेच पाणी बाहेर जाऊन चालणार नव्हतं. म्हणून २०१८ मध्ये टाकी उघडून वेल्डच्या जोडांवर सीलंट (फटी बुजवणारा थर) चढवलं. नंतर मोजलं तर गळती दिवसाला ०.०१७ टनाच्या आत, म्हणजे आधीच्या दोनशेव्या हिश्शाहूनही कमी. उलटा हिशेब केला, तर आधीची सगळी गळती तळाशी असलेल्या २ मिलिमीटरच्या आतल्या एका भोकात मावते.

म्हणून ‘जलरोधक’ म्हणा. रोधायचं किती ते आकड्याने सांगता येतं.

ओंजळ :
मग ‘गळती’ आणि ‘पाझर’ यांत फरक करावा का? मी दोन्ही एकाच अर्थाने वापरले आहेत.

कातळ :
करायलाच हवा, इथे दिशाच उलटी आहे. टाकीतलं पाणी अस्तरातून मागे जातं ती गळती. डोंगरातलं पाणी भेगांतून अस्तराच्या पाठीशी येतं तो पाझर. पाझर तलावामुळे हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा आहे, खडकातून सावकाश उतरणारं पाणी हेच चित्र मनात येतं.

बहुतेकांचा समज असतो की टाकी काठोकाठ भरली की अस्तराची कसोटी लागते. प्रत्यक्षात घात होतो टाकी रिकामी करताना. भरलेली असते तोवर आतलं पाणी शीटला भिंतीशी दाबून धरतं. पाणी उपसलं की मागे साठलेला पाझर मोकळा सुटतो. मागे १० मीटर पाण्याचा स्तंभ उभा असला तर १ बार, म्हणजे दर चौरस मीटरला १० टन. अस्तर आत फुगतं, जोड उसवतात. म्हणून काँक्रीटच्या मागे निचऱ्याचे थर आणि पाइप घालतात. ते कप्प्याकप्प्यांनी घालावेत आणि प्रत्येक कप्प्याचा पाइप वेगळा बाहेर काढावा. नाहीतर निचऱ्यात पाणी वाढल्याचं कळतं, पण नऊ किलोमीटर जोडांपैकी नेमकं कुठे ते कळत नाही. रिकामी करताना पातळीही टप्प्याटप्प्याने उतरवायची, निचऱ्याच्या पाइपातलं पाणी आधी उतरलंय ना ते बघत.

शीट धरून ठेवायला तिच्या पाठीला खुंट्या असतात. शीट साच्याला लावतात, मागे काँक्रीट ओततात, खुंट्या त्यात रुततात. इंग्रजी ‘अँकर’चा ‘नांगर’ असा शब्दशः अनुवाद करू नका, ‘खुंट्या’ पुरे.

शिवणटीप :
जोडांसाठी शिंप्याची भाषा जशीच्या तशी वापरता येते. शीटची रुंदी म्हणजे पन्हा. एकावर एक ठेवायचा पट्टा म्हणजे माया. पातळ शीटला गरम पाचरीचं यंत्र फिरवतात, ते दोन समांतर रेघांनी प्लास्टिक वितळवून दाबतं. ही दुहेरी टीप. दोन टिपांमध्ये मुद्दाम पोकळ नळी राहते. तिची दोन्ही टोकं बंद करून हवा भरायची, शीटच्या जाडीप्रमाणे २ बारच्या आसपास, आणि पाच मिनिटं दाबमापकाचा काटा बघायचा. शेवटी दुसऱ्या टोकाला चीर देऊन हवा सुटते का ते तपासायचंच. न सुटली तर नळी मध्येच बुजली आहे, आणि काट्याने अर्ध्याच जोडाची साक्ष दिली आहे.

खुंट्यांच्या जाड शीटला हे यंत्र चालत नाही. तिथे कडा घासून वर वितळलेलं प्लास्टिक ओततात. घासल्यावर लगेच सांधायचं, धूळ किंवा ओल बसली तर जोड वरून गुळगुळीत दिसतो आणि नखाने सोलला जातो. तपासणी साबणाचं पाणी लावून, वर काचेची निर्वात पेटी दाबून. बुडबुडा आला की तिथे खडूची खूण.

गारवाही लक्षात घ्या. दहा मीटर पॉलिथिलीन २० अंशांनी थंड झालं तर तीन-चार सेंटिमीटर आखडतं. सैल टाकायच्या शीटला तेवढी ढिलाई ठेवावी लागते. जास्त ठेवली तर झोळ पडतो, आणि झोळाची घडी पाण्याने दाबली की तिथेच पुढे तडा जातो.

ओलावा :
आता ‘पडदा’ आणि ‘लेप’. पडदा वापरू नका, तो शब्द दुसरीकडे गुंतला आहे. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथल्या कच्च्या तेलाच्या भूमिगत कोठारांना अस्तर नाहीच. कातळात भोकं पाडून बाहेरून पाणी दाबात ठेवतात, म्हणजे पाझर आत येतो आणि तेल बाहेर जात नाही. त्याला जलपडदा म्हणणं योग्य. धरणाच्या पायातल्या ग्राउटिंगलाही (खडकाच्या भेगांत सिमेंट दाबून भरण्याला) पडदाच म्हणतात.

लेप मात्र खराखुरा प्रकार आहे. कॅनडात सडबरीच्या खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोल असलेल्या एसएनओ या न्यूट्रिनो-वेधशाळेच्या भिंतींवर पॉलियुरेथेन फवारलं होतं. त्याला जोड नसतात, हा मोठा फायदा. पण पृष्ठभाग कोरडा नसेल तर फोड येतात. त्या लेपाचं दुसरं काम होतं कातळातला रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू पाण्यात येऊ न देणं. ‘जलरोधक’ या विशेषणात ते येत नाही, मजकुरात वेगळं सांगा : अस्तर दोन्ही बाजूंनी राखण करतं. पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही, रेडॉन आणि काँक्रीटमधले क्षार आत येऊ द्यायचे नाहीत. अतिशुद्ध पाणी काँक्रीटला लागलं की त्यातलं चुन्याचं द्रव्य ओढून घेतं आणि पाण्याची पारदर्शकता जाते, आणि इथे तर न्यूट्रिनोमुळे उमटणाऱ्या प्रकाशाच्या मंद चमका पाण्यातून दुरून टिपायच्या असतात. अमेरिकेत ईरी सरोवराकाठी आयएमबी या जुन्या कणभौतिकी प्रयोगाची टाकी मिठाच्या खाणीत होती. तिथे अस्तरातून सुटलेलं पाणी मागचा खडकच विरघळवणार!

ओंजळ :
नवं वाक्य : ‘कोरलेल्या पोकळीला आतून काँक्रीट आणि त्यावर जलरोधक अस्तर देऊन टाकी तयार होते; डोंगरातला पाझर अस्तरामागच्या निचऱ्यातून वाहून नेला जातो.’ पुढे एके ठिकाणी ‘अस्तर गळू लागल्यास’ असं आहे. चालेल?

शिवणटीप :
वाक्य उत्तम. ‘अस्तर गळू लागल्यास’ बदला. गळते ती टाकी. अस्तर टोचलं जातं, उसवतं, चिरतं किंवा फुगतं, आणि प्रत्येकाची दुरुस्ती निराळी. टोचलं असेल तर गोल ठिगळ, कोपऱ्याचं नको, कोपरा आधी सुटतो. उसवलं असेल तर जोडाचा तो तुकडा दोन्हीकडे चांगला भाग लागेपर्यंत उघडून वर पट्टी. जोडाच्या कडेला समांतर बारीक चीर असेल तर तो ताणाचा तडा, बहुधा जास्त घासल्याने शीट पातळ झालेली, तिथे ठिगळ न लावता तेवढी शीट बदलावी. फुगलं असेल तर शीटला हात लावण्याआधी मागचा निचरा तपासावा.