भूकंप आणि पूर यांसाठी तातडीची पिशवी एकच असावी की वेगवेगळी?

वसमतची शिक्षिका (प्रश्न)

नमस्कार. आम्ही हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात राहतो. जमिनीतून गूढ आवाज येणे आणि पाठोपाठ मांडणीवरची भांडी वाजणे याची आमच्या भागाला गेल्या काही वर्षांपासून सवयच झाली होती. परंतु २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, काही मिनिटांतच दुसरा बसला आणि त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा धक्का जाणवला, तेव्हापासून घरातील सर्व माणसे सावध आहेत. त्यातच गेल्या पावसाळ्यात गावाजवळचा ओढा दोनदा पुलावरून वाहिला आणि रस्ता बंद झाला.

आमचे घर जुने दगडमातीचे असून पुढच्या बाजूला दोन खोल्या सिमेंटच्या आहेत. घरात सासूबाई आहेत, त्यांना रोज इन्सुलिन घ्यावे लागते आणि अंधारात नीट दिसत नाही. मुलगा पाचवीत आहे, मुलगी अजून चालायला शिकते आहे. यजमान मालवाहू गाडीवर असल्यामुळे महिन्यातील बऱ्याच रात्री बाहेर असतात. म्हणजे ऐनवेळी एका हातात मुलगी आणि दुसऱ्या हातात सासूबाईंचा हात, अशी माझी स्थिती असेल.

घाईच्या प्रसंगी उचलून नेता येईल अशी पिशवी भरून ठेवावी असे ठरवले आहे. मात्र जिथे जिथे याद्या पाहिल्या, तिथे माणशी दिवसाला तीन लिटर पाणी आणि तीन दिवसांचे अन्न सांगितले आहे. आम्हा चौघांचे एवढे पाणीच ३६ किलो होते, ते मी कसे उचलणार? भूकंप आणि पूर या दोन्हींसाठी एकच पिशवी चालेल का, ती घरात नेमकी कुठे ठेवावी, मूळ कागदपत्रे त्यात ठेवावीत की झेरॉक्स, आणि इन्सुलिनचे काय करावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

औसा तालुका, निवृत्त कर्मचारी

ताई, तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ‘कुठे ठेवावी’ ही आहे आणि याद्या करणारे लोक नेमके तिथेच थांबतात, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या थोडे आधी किल्लारी, सास्तूर आणि परिसरात जो भूकंप झाला, त्यात हजारो माणसे झोपेतच गेली, कारण आमच्याकडची घरे दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंतींची, चिखलात रचलेली आणि वर लाकूड व मातीचे जड माळवद असलेली होती. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते आणि गावे थकून झोपली होती. अशा घरातील आतल्या खोलीत, कपाटाच्या वर किंवा पलंगाखाली कितीही उत्तम पिशवी ठेवली, तरी घर पडल्यावर ती ढिगाऱ्याखालीच राहते. म्हणून सामानाचे दोन वाटे करावेत असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला वाटा लहान असावा. मुलाच्या शाळेची जुनी सॅक पुरेशी आहे, कारण ती पाठीवर घेतली की दोन्ही हात मोकळे राहतात. ही सॅक सिमेंटच्या खोलीत, बाहेर जाणाऱ्या दाराजवळच्या खुंटीला, छातीच्या उंचीवर टांगावी. म्हणजे पाणी घरात शिरले तरी ती भिजणार नाही आणि अंधारातही हाताला लागेल. तिचे वजन पाच-सहा किलोंच्या वर जाऊ देऊ नये. आणि हे घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावे, की जमीन हलत असताना पिशवीसाठी कोणीही आत धावायचे नाही. हादरे थांबल्यावर बाहेर पडताना ती हाताशी आली तर घ्यायची, नाही तर सोडून द्यायची.

दुसरा वाटा घराच्या बाहेर असला पाहिजे. तुमच्याकडे शेतात आखाडा (शेतातील गोठा किंवा झोपडी) असेल तर तिथे, नसेल तर अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पिंपात तो ठेवता येतो. त्यात ताडपत्री, सुती दोरी, चादरी, कपड्यांचा एकेक जोड, पातेले, काडेपेटी आणि पाण्याचा कॅन असावा. ताडपत्रीबद्दल मी आग्रहाने लिहितो. मोठ्या धक्क्यानंतर लहान धक्के बसत राहतात, भिंती तडकलेल्या असतात आणि कोणीही घरात परत झोपू शकत नाही. त्या वर्षी तर पाठोपाठ पाऊसही आला आणि वाचलेली माणसे उघड्यावर भिजली. वाकळ (गोधडी) मात्र पिंपात ठेवू नये. एकदा ओली झाली की ती उचलवतही नाही आणि वाळतही नाही. आखाडा ओढ्याच्या काठावर असेल तर ही जागा पुरासाठी चालणार नाही, तेव्हा हा वाटा गावातील उंचावरच्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवावा आणि त्यांचा वाटा तुम्ही आपल्याकडे ठेवावा.

लहान सॅकमध्ये शिट्टी जरूर ठेवावी, आणि खरे म्हणजे एक शिट्टी सासूबाईंच्या उशाशीही असावी. ढिगाऱ्यात अडकलेल्या माणसाचा आवाज ओरडून ओरडून बसतो आणि तोंडात धूळ जाते. शिट्टीला किंवा दगडाने पाइपवर ठोकण्याला श्वास कमी लागतो आणि तो आवाज दूरवर ओळखू येतो. प्रत्येकाच्या अंथरुणाजवळ बंद चपला किंवा बूट असावेत, कारण पहिली जखम बहुधा फुटलेल्या काचेने किंवा खिळ्याने तळपायालाच होते. बाहेर पडल्यावर गॅसचा वास येत असेल तर काडी ओढायची नाही. उजेडासाठी बॅटरीच वापरायची. बॅटरीतील सेल काढून शेजारी ठेवावेत, ते आत राहिले तर गळतात आणि ऐनवेळी बॅटरी लागत नाही.

परभणी, औषध दुकान

वरील उत्तराशी मी सहमत आहे. औषधे, पाणी आणि अन्न याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायचे असते, त्यामुळे ते कायमचे पिशवीत भरून ठेवता येणार नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याखाली तर त्याहूनही जास्त तापते. अशा जागी ठेवलेले इन्सुलिन दिसायला चांगले असले तरी त्याचा गुण कमी होतो आणि रुग्णाची साखर का वाढते आहे हे कोणाच्याच लक्षात येत नाही. यावर उपाय असा, की सॅकमध्ये रिकामा लहान थर्मास, सुया, साखर तपासण्याचे यंत्र व त्याच्या पट्ट्या ठेवाव्यात आणि सॅकच्या पट्ट्याला ‘फ्रिजमधील इन्सुलिन घेणे’ अशी ठळक अक्षरांतील चिठ्ठी बांधावी. वापरात असलेले बहुतेक प्रकारचे इन्सुलिन ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकते. फ्रिज नसेल किंवा वीज गेली असेल तर ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या मडक्यात ते ठेवावे, मात्र बर्फाला चिकटू देऊ नये, कारण गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. सासूबाईंच्या बाबतीत उलट धोकाही तेवढाच मोठा आहे. इन्सुलिन दिले आणि जेवण मिळालेच नाही तर साखर एकाएकी उतरते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून ग्लुकोजचा पुडा किंवा साखर त्यांच्या स्वतःच्या बटव्यात असावी आणि तुमच्या पाचवीतल्या मुलाला ही लक्षणे आजच समजावून सांगावीत. औषधांची नावे, मात्रा आणि वेळा कागदावर लिहून ठेवाव्यात. शिबिरातील डॉक्टर बदलत असतात आणि ‘ती पांढरी गोळी’ एवढ्यावर कोणालाही औषध देता येत नाही.

पाण्याबद्दल तुमचे गणित अगदी बरोबर आहे आणि म्हणूनच सगळे पाणी उचलण्याचा विचार सोडून द्यावा. सॅकमध्ये मोठ्या माणसाला एक लिटर आणि मुलांना अर्धा लिटर एवढेच पाणी घ्यावे. पुढच्या पाण्यासाठी ते शुद्ध करण्याचे साधन घ्यावे. मेडिक्लोरची बाटली किंवा क्लोरीनच्या गोळ्या हलक्या असतात. पुराचे पाणी गढूळ असते, म्हणून आधी तुरटी फिरवून ते निवळू द्यावे, सुती कापडाच्या चार पदरांतून गाळावे, मग वेष्टनावर लिहिलेल्या मात्रेत औषध टाकून अर्धा तास थांबावे आणि नंतरच प्यावे. गढूळ पाण्यात थेट औषध टाकले तर ते मातीतच खर्ची पडते. ओआरएसची पाकिटे संपली तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे.

अन्न असे घ्यावे की ज्याला चूल लागणार नाही. सातूचे पीठ यासाठी उत्तम, कारण पाण्यात किंवा दुधात कालवले की लहान मुलेही खातात. मात्र सासूबाईंच्या वाट्यात गूळ घालू नये. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि खारीक हेही टिकतात. दशम्या आणि धपाटे प्रवासाला चांगले असले तरी ते भरून ठेवण्याचे पदार्थ नाहीत. पुराचा इशारा आला की त्याच दिवशी करून घ्यावेत. मुलीसाठी लंगोट आणि तुमच्यासाठी सॅनिटरी पॅड याद्यांतून नेहमी सुटतात. पूर ओसरताना साप कोरड्या जागेच्या शोधात घरात, लाकडांच्या ढिगात येतात. दंश झाल्यास जखम कापायची नाही, आवळून बांधायचे नाही, अवयव स्थिर ठेवून थेट सरकारी रुग्णालय गाठायचे.

सीनाकाठ, परंडा

सप्टेंबर २०२५ मधील सीनेचा पूर आम्ही पाहिला आहे. वस्त्या पाण्याने वेढल्या गेल्या आणि आमच्या तालुक्यात माणसे हेलिकॉप्टरने काढावी लागली. भूकंप आणि पुरात फरक एवढाच, की पुराला बहुतेक वेळा काही तास मिळतात. परंतु ते तास माणसे ‘पाणी इथपर्यंत येत नाही’ असे म्हणण्यात घालवतात. धरणातून विसर्ग वाढवल्याची दवंडी किंवा मेसेज आला की पिशवी दारात आणून ठेवावी, फोन चार्ज करावा, मेन स्विच बंद करावा आणि जनावरांची दावी सोडावीत. बांधलेल्या जनावराला पोहता येत असूनही ते दाव्याला बुडते. त्यांच्या कानातल्या बिल्ल्यांवरील १२ अंकी क्रमांकांचा फोटो काढून ठेवल्यास पुढे पंचनाम्याच्या वेळी उपयोग होतो. घराचे, धान्याच्या पोत्यांचे, अवजारांचे फोटोही पावसाळ्यापूर्वीच काढून दुसऱ्या गावातील नातेवाइकाला पाठवून ठेवावेत.

कागदपत्रांबाबत माझे मत असे आहे. सातबारा, आठ-अ, आधार आणि रेशन कार्ड पुन्हा मिळवता येतात, म्हणून त्यांच्या झेरॉक्स पुरेत. परंतु मूळ खरेदीखत, गुणपत्रिका आणि जात पडताळणीचे प्रमाणपत्र पुन्हा मिळवताना अनेक फेऱ्या पडतात, तेव्हा तेवढे मूळ कागद झिप असलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सॅकमध्येच ठेवावेत. त्यांना लॅमिनेशन करू नये. बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्सही हवी, कारण मदतीची रक्कम खात्यातच जमा होते. रोख रक्कम दहा, वीस, पन्नासच्या नोटांत ठेवावी. मोबाइलचा टॉवर बंद पडला की फोनवरून पैसे देता येत नाहीत आणि पाचशेच्या नोटेचे सुटे कोणाकडेच नसतात.

वसमतची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. दोन वाटे करण्याचे पटले. आखाडा ओढ्यापासून उंचावर आहे, त्यामुळे पिंप तिथेच ठेवू. औषधे आणि खाणे कधी बदलावे, आणि मी एकटी असताना मुलगी, सासूबाई व सॅक यांचे कसे जमवावे, एवढे दोनच प्रश्न उरले आहेत.

औसा तालुका, निवृत्त कर्मचारी

पाडव्याला आणि पोळ्याला अशी वर्षातून दोनदा पिशवी उघडावी. पहिला सण कडक उन्हाळ्याआधी आणि दुसरा ऐन पावसाळ्यात येतो. औषधांची मुदत, सेल आणि मुलीच्या कपड्यांचे माप तेव्हा पाहावे, जुने फुटाणे घरात खाऊन टाकावेत व नवे भरावेत. पॉवर बँक मात्र दर दोन महिन्यांनी चार्ज करावी आणि ती तापत्या पत्र्याखाली ठेवू नये.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की मुलीला जुन्या नऊवारीच्या झोळीने पोटाशी बांधावे, सॅक पाठीवर घ्यावी आणि एक हात सासूबाईंना द्यावा. मुलाच्या हाती बॅटरी द्यावी आणि त्याने पुढे चालायचे, हे त्याचे काम ठरवून टाकावे. एकदा रात्री दिवे मालवून सर्वांनी अंथरुणापासून अंगणापर्यंत हे करून पाहावे, म्हणजे सॅक जड झाली आहे का आणि सासूबाई कोणत्या पायरीवर अडतात हे आपोआप कळेल. यजमानांशी एक जागा ठरवून ठेवावी, जिथे फोन लागला नाही तरी ते तुम्हाला शोधत येतील; शाळेचे मैदान सर्वांना ठाऊक असते. तातडीच्या मदतीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि यजमानांचा नंबर कागदावर लिहून मुलाच्या दप्तरात व सॅकमध्ये, दोन्हीकडे ठेवावा.