कॅसेट डेकचा पट्टा वितळला आहे

प्रश्न : वडिलांचा डेक बारा उन्हाळे माळ्यावर होता. मोटर फिरते, पण टेप हलत नाही. मोटरची गती पुढे नेणारा रबरी पट्टा जिथे बसतो, त्या पुलीवर (खाचेच्या चाकावर) डांबरासारखा काळा चिकटा आहे. काय करावे?

उत्तर : प्रथम प्लग काढावा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुली आणि फ्लायव्हील (टेपचा वेग स्थिर ठेवणारे जड चाक) पूर्ण स्वच्छ करावे, कारण किंचितही चिकटा उरला तर नवा पट्टा घसरतो आणि टेपचा सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर हा वेग टिकत नाही. घाई मात्र करू नये.

दुसरे उत्तर : पट्ट्याचे माप पुल्यांभोवती दोरा गुंडाळून घ्यावे आणि त्याहून किंचित लहान पट्टा नागपूरच्या सीताबर्डीत शोधावा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. पुली आता चकाकते आहे. दोरा उद्या गुंडाळतो.