आठवीला मुलीला कुठल्या हायस्कुलात घालू? निकाल पाहून ठरवू का?

बोरीकाठची:
नमस्कार मंडळी. आमचं गाव पारोळा-अमळनेर रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आहे. गावात जिल्हा परिषदेची शाळा, तीही सातवीपर्यंत. मुलगी यंदा सातवी झाली, आता आठवीला बाहेर घालावी लागेल. मी दहावी झाले आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन इकडे आले, त्यामुळे शाळेतलं मला फार कळतं असं नाही. पोरीचं गणित चांगलं आहे एवढं मात्र कळतं. कापसाच्या काट्यावर व्यापाऱ्याच्या आधी हिचा हिशोब तोंडी तयार असतो.

दोन शाळा डोळ्यासमोर आहेत, दोन्ही अनुदानित. एक शेजारच्या मोठ्या गावात, चार किलोमीटर, सायकलने जाता येईल. दुसरी तालुक्याला, एस.टी.ने पाऊण तास. दोन्हीकडचे सर घरी येऊन गेले. जवळच्या शाळेचे सर ओट्यावर चहा पिऊन गेले. तालुक्याचे दोघं मोटारसायकलवर आले, दप्तर आणि वह्या देऊ म्हणाले. तालुक्याच्या शाळेच्या पत्रकावर दहावीचा निकाल १०० टक्के, जवळच्या शाळेचा ९१. मालक म्हणतात शंभरवाली घ्या. सासूबाईंचं एकच, "पोरले इतलं दूर कसाले धाडस?" म्हणजे, पोरीला इतक्या दूर कशाला पाठवता?

कोणालाही विचारा, म्हणतात शाळा चांगली आहे. कशावरून विचारलं तर निकाल चांगला. मग शाळेत जाऊन मी पाहू तरी काय? विचारू कोणाला? कोणी शाळेतलं जाणकार असेल तर सांगा.

केळीबाग_रावेर:
ताई, एवढा विचार कशाला? निकाल म्हणजे निकाल. शंभरवाल्या शाळेत घाला आणि तालुक्यालाच गणित-विज्ञानाचा क्लास लावा. माझ्या मुलाला असेच ९४ टक्के पडले. शाळेत काय शिकवतात ते आजकाल कोण पाहतं?

जुना_हेडक्लार्क:
केळीबाग भाऊ, मुलाचं अभिनंदन. पण ते ९४ शाळेचे की क्लासचे, हे तुम्हीच सांगून टाकलंत.

ताई, मी एका अनुदानित हायस्कूलच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, मुख्य लिपिक होऊन निवृत्त झालो. शाळेचं नाव सांगणार नाही, तिचं मीठ खाल्लंय. पण तुमच्या पत्रकावरचा शंभर वाचला आणि मला आमचं जनरल रजिस्टर, म्हणजे पोरांच्या दाखल-खारीजची वही, आठवलं.

निकाल निघतो तो परीक्षेला बसलेल्या पोरांवर. जी बसवलीच नाहीत ती त्या हिशोबात येतच नाहीत. आमच्या वेळी आठवीपर्यंत पोरं पुढे सरकत राहायची, खरी चाळणी लागायची नववीत. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये नववीच्या कच्च्या पोरांच्या बापांना बोलावणं जायचं. हेडमास्तर खुर्ची द्यायचे, चहा सांगायचे आणि गोड बोलायचे: याच्याकडून दहावी निघणार नाही, दाखला काढा, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. बाप बिचारा सोसायटीच्या कर्जात अडकलेला, मान हलवायचा. दाखला मी लिहायचो. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात काय लिहायचं ते ठरलेलं होतं: पालकांच्या विनंतीवरून. पुढच्या वर्षी फाटकावर फ्लेक्स, निकाल शंभर टक्के. सतरा नंबरवाले बोर्डाच्या हिशोबात खाजगी विद्यार्थी, शाळेच्या निकालात त्यांचा पत्ताच नाही. त्या शंभरात माझ्या हातची शाई आहे, खोटं कशाला बोलू.

म्हणून निकाल किती हे विचारूच नका. मागच्या वर्षी नववीत किती पोरं होती आणि यंदा दहावीला किती बसली, एवढं काढा. नववीत ६० आणि दहावीत ५८ असतील तर ९१ टक्क्यांची शाळा मी डोळे मिटून घेईन. ६० ची ४२ झाली असतील तर शंभराला काय चाटायचंय? दोन-चार पोरं इकडेतिकडे होतातच, कोणी मामाच्या गावी जातं, कोणी सुरतेला. वर्षाला पंधरा-वीस कमी झाली तर ती गेलेली नसतात, घालवलेली असतात.

हे आकडे शाळा देणार नाही, पण लपतही नाहीत. प्रत्येक शाळेला सरकारी नोंदीचा अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो, आपल्या जळगाव जिल्ह्याचा २७०३ ने सुरू होतो. गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला मोबाईल घेऊन बसवा. यू-डायसच्या साईटवर 'नो युवर स्कूल' म्हणून भाग आहे, तिथे शाळेचं नाव टाकलं की वर्गवार पटसंख्या आणि शिक्षक किती ते दिसतं. वर्ष बदलून बघा. एकाच वर्षाची नववी आणि दहावी ताडू नका, ती वेगवेगळी पोरं असतात.

आता निकालच बघायचा हट्ट असेल तर २०१९ चा बघा. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले होते. राज्याचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी गुण परत दिले आणि निकाल गेला ९५.३० वर. पोरं एका वर्षात बिघडली आणि पुढच्या वर्षी सुधारली असं थोडंच आहे! तेव्हा शाळेच्या हातचे गुण नसताना जी शाळा फार घसरली नाही, तिथे कोणीतरी शिकवत होतं. अनुदानित शाळेत शिक्षक वीस-वीस वर्षं तेच असतात, म्हणून जुना निकाल शिळा होत नाही. पास किती झाले ते सोडा, ७५ च्या वर विशेष प्राविण्यात किती आणि ३५ ते ४५ मध्ये किती, ते विचारा. शंभर टक्के निकाल आणि अर्धी पोरं पस्तिशीत, अशा शाळा मी पाहिल्यात.

तुमच्या पोरीचं गणित चांगलं आहे म्हणता, मग एनएमएमएस, म्हणजे केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा, विचारा. आठवीत असताना ही परीक्षा होते. त्यात निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये पोरीच्या खात्यावर येतात. चार वर्षांचे ४८,०००. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्याच मुलांना बसता येतं, सातवीला ५५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना सूट आहे) आणि घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. मागच्या तीन वर्षांत शाळेची किती पोरं लागली ते विचारा. हा आकडा फुगवता येत नाही, कारण पेपर पुण्याच्या परीक्षा परिषदेचा आणि उत्तरपत्रिका शाळेच्या हातात नाही. चांगल्या शाळेत कोणीतरी एक वेडा शिक्षक असतो, जो शाळा सुटल्यावर आठवीच्या पोरांना तासभर थांबवून याचे पेपर सोडवून घेतो. तो सापडला की शाळा सापडली.

घरी येणाऱ्या सरांचा राग मानू नका. ३० सप्टेंबरच्या पटावर संच मान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं; पट घसरला की कोणीतरी अतिरिक्त ठरतो आणि त्याला दुसऱ्या शाळेत पाठवतात. दप्तर द्यायला येतो तो आपली नोकरी वाचवायला येतो. पण दप्तरावरून शाळा ठरवू नका.

आणि जाणारच असाल तर लगेच जा. सुट्टी शिक्षकांना असते, लिपिकाला नसते. मे महिन्यात ऑफिस रिकामं असतं, क्लार्कला गप्पांना माणूस हवं असतं. प्रयोगशाळा दाखवा म्हणा. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक यंत्र हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात असायचं, फुटेल म्हणून. तपासणीला साहेब आले की बाहेर. कित्येक बॅचेस त्यातून न बघताच पास झाल्या.

शेंदुर्णीची_लेक:
काकांनी कागदाचं सगळं सांगितलं. मी एक बाईचं सांगते.

मी आठवी ते दहावी एस.टी.ने गेले. पास मोफत होता, बस नाही. सकाळची यायची, संध्याकाळची कधी यायची कधी नाही. पाचला सुटलेली शाळा आणि सव्वासातला घर, दहावीत हे आठवड्यातून दोनदा. अभ्यास गेला खड्ड्यात, आई फाट्यावर येऊन उभी राहायची. तेव्हा एस.टी.चं वेळापत्रक विचारू नका, त्या गावाहून आता जाणाऱ्या मुलींना विचारा.

दुसरं, शाळेत गेलात की मुलींचं शौचालय बघा. बांधलेलं सगळीकडे असतं. कुलूप आहे का, किल्ली कोणाकडे, आत पाणी आहे का? आमच्याकडे किल्ली शिपाईकाकांकडे असायची आणि मागायची लाज वाटायची. मी तीन वर्षं दुपारपर्यंत पाणी न पिता काढली आहेत. महिन्याचे चार दिवस तर घरीच. कॅटलॉगमध्ये त्याची फक्त गैरहजेरी लागली.

सातपुड्याचा_मास्तर:
नंदुरबारकडे शिकवतो, गणित. हेडक्लार्क आबांच्या सगळ्याला दुजोरा, सतरा नंबरच्या गोष्टीला तर दोन्ही हात वर.

माझं एवढंच, वही बघा. हुशार पोराची नको, मधल्या बाकावरच्या पोराची. लाल शाईत नुसत्या बरोबरच्या खुणा आणि खाली सही असेल तर ती वही शिक्षकाने वाचलेली नाही. चूक कुठे झाली तिथे गोल करून खाली बरोबर रीत लिहिली असेल तर पोरगी बिनधास्त घाला. दोन पोरांच्या वह्या शेजारी ठेवा. एकच चूक दोघांच्या वहीत, एकाच ओळीत सापडली, तर ती गाईडातून फळ्यावर आणि फळ्यावरून वहीत आलेली आहे.

सेमी-इंग्रजी आहे म्हणून हुरळून जाऊ नका. गणिताचं पुस्तक इंग्रजी असतं आणि शिकवणारा मराठीत वाचून सांगतो, मग पोरगं धड इकडचं ना तिकडचं. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवाळीनंतर, वर्ग किती भरतो ते विचारा. वेचणीला गेलेली पोरं परत आल्यावर त्यांचा बुडालेला भाग कोणी घेतं का? आमच्याकडे मी डिसेंबरात तोच धडा दोनदा शिकवतो. कंटाळा येतो, पण इलाज नाही.

बोरीकाठची:
सगळ्यांचे आभार. भाच्याला बसवलं मोबाईलवर, आणि परवा दोन्हीकडे जाऊन आले.

तालुक्याच्या शाळेत मागच्या वर्षीची नववी आणि यंदाची दहावी ताडली, एकोणीस पोरं कमी. क्लार्कला विचारलं तर म्हणाले, गेली असतील बाहेरगावी. एकोणीस? काका, मला तुमचा तो रकाना आठवला. इमारत मात्र सुंदर आहे, संगणकाची खोली थंडगार. प्रयोगशाळेची चावी सापडली नाही.

जवळच्या शाळेत दोनच पोरं कमी. एनएमएमएसला मागच्या वर्षी तीन मुली लागल्या, भिंतीवर नावं रंगवली आहेत. शौचालयाला कुलूप नाही, बाहेर टाकी आहे, टाकीत पाणी होतं. वही मागितली तर शिपाईमावशींनी रद्दीतून काढून दिली. मास्तर, त्यात लाल शाईने खरोखर रीत लिहिली होती, इंग्रजीची होती पण.

गणिताचं मात्र अवघड आहे. तिथले गणिताचे सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि जागा भरलेली नाही. बाहेर आठवीतली एक पोर भेटली, ती म्हणाली, "गणितना सरच नहीत, एक मॅडम येतस." तासिकेवर आहेत म्हणे, कायम नाहीत, तासाप्रमाणे मानधन. आता काय करू? जिच्या गणितासाठी एवढी धावपळ, तिला तेच नाही.

जुना_हेडक्लार्क:
तासिकेवरची म्हणून कमी समजू नका. कायम शिक्षक मिळेना तिथे अशाच पोरींनी आमची शाळा चालवली. अडचण वेगळी आहे, मानधन वेळेवर येत नाही आणि दुसरीकडे बरं मिळालं की त्या निघून जातात. ती मॅडम कुठली, गावातली की बाहेरची, ते बघा. गावातली सून असेल तर टिकेल. एनएमएमएसचा तास कोण घेतं तेही विचारा.

बोरीकाठची:
विचारलं. गावातलीच सून आहे, बी.एस्सी. बी.एड. आणि त्या तीन मुलींचा तास तिनेच घेतला होता, शाळा सुटल्यावर, मारुतीच्या पारावर.

सोमवारी दाखला काढायला जाते. मालक अजून शंभर-शंभर करतात, पण एकोणीस पोरांचं सांगितल्यावर गप्प झाले. शाळा १५ जूनला उघडते. घरात सायकल आहे ती जाऊबाईंच्या मुलाची, दांडीवाली, पोरीचा पाय पोहोचत नाही. अमळनेरात किंवा पारोळ्याला मुलींची जुनी सायकल कोणाकडे असेल तर कळवा, दोन हजाराच्या आत.