पंखवाला मुंगळा की मुंगीचा नर?

प्रश्न : दिव्याभोवती जमणाऱ्या पंखांच्या मुंग्यांमध्ये काही अगदी बारीक असतात. आमच्याकडे त्यांना 'नर, म्हणजे मुंगळे' म्हणतात. मुंगळा हा मुंगीचा नर, असं म्हणणं बरोबर आहे का?

उत्तर : नाही. मुंगळा म्हणजे मोठी मुंगी; काही ठिकाणी तिलाच डोंगळा म्हणतात. सुरी–सुरा, लोटी–लोटा या जोड्यांसारखंच इथलं पुल्लिंग आकार दाखवतं. रांगेत चालणारा, कडकडून चावणारा बिनपंखी मुंगळा ही खरं तर कामकरी मादी असते.

नर वारुळाबाहेर सहसा मीलनाच्या उड्डाणापुरताच दिसतो, बहुधा पावसानंतरच्या उबदार, दमट हवेत. डोकं लहान, डोळे मोठे, जबडे नाजूक, पोट सडपातळ. त्याच थव्यातली राणी बहुतेक जातींत त्याच्याहून बरीच थोराड, भरल्या पोटाची असते. नराला नांगी नसते, कारण नांगी हे मूळचं अंडी घालण्याच्या अवयवाचं रूप. आकारावर मात्र फार विसंबू नका. डोरायलस या लष्करी मुंग्यांचे नर चांगलेच जाडजूड, तपकिरी असतात आणि दिव्यावर आले की गांधीलमाशीच वाटतात.

प्रश्न : आणि ती वाळवी नाही हे कसं ठरवायचं? मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात ना?

उत्तर : कामकरी आणि राणीच्या, हो. नराच्या मिशांचा पहिला भाग बहुधा आखूड असल्याने तो बाक नीट दिसत नाही, म्हणून कंबर आणि पंख बघा. मुंगीची कंबर बारीक आणि पुढचे पंख मागच्यांहून लांब; वाळवीला कंबरच नाही आणि चारही पंख सारख्या लांबीचे. घरात वाळवीचे पंख गळून पडलेले दिसले तर लाकूड तपासायलाच हवं. हा फरक शब्दापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

दुसरं उत्तर : लिहिताना 'नर मुंगी'पेक्षा 'मुंगीचा नर' बरं. 'नर मुंगी उडाली' हे कानाला खटकतं, 'मुंगीचा नर उडाला' सरळ जातं. नर की राणी हे कळत नसेल तर 'पंखवाली मुंगी' पुरे.

प्रश्न : मग 'मुंगीला पंख फुटले' म्हणजे मरण जवळ आलं, हे खरंच का?

दुसरं उत्तर : नराच्या बाबतीत अक्षरशः. मीलनानंतर तो लवकरच मरतो. राणी स्वतःचे पंख झाडून टाकते, जमिनीत शिरते आणि जगली तर अनेक वर्षं अंडी घालते.