मदत हवी आहे : मुसंदमच्या निर्जन किनाऱ्यावर बोटीने जाऊन मुक्काम

डिसेंबरअखेरीस आम्ही चौघे, त्यांत नऊ वर्षांची मुलगी, मस्कतहून खसब या बंदराच्या गावी जाऊन ओमानच्या मुसंदम द्वीपकल्पातील, केवळ बोटीनेच पोहोचता येणाऱ्या एखाद्या किनाऱ्यावर दोन रात्री तंबूत राहू इच्छितो. गोडे पाणी माणशी रोजचे 5 लिटर, शिवाय एका जादा दिवसाचे, सोबत नेणार आहोत. खोर शम ही उंच कड्यांनी वेढलेली खाडी शांत असली, तरी टेलिग्राफ बेटाकडे जाणाऱ्या पर्यटक-नौकांची तेथे दिवसा वर्दळ असते. आम्हांला एकांत हवा आहे. दोन नावाड्यांशी बोललो. दोघेही सोडायला तयार आहेत, मात्र शमाल हा वायव्येकडून येणारा जोराचा वारा सुटल्यास परत न्यायला केव्हा येतील, हे कोणीच सांगत नाही. उधाणाच्या भरतीतही कोरडा राहणारा आणि वायव्येकडून आडोसा असलेला किनारा कोणता, आणि कड्यांआड मोबाइलला रेंज नसेल हे गृहीत धरून परतीचे नेमके काय ठरवून ठेवावे?