मदत हवी आहे: मलावीतलं बाळंतपणाचं काम संपतंय, निघण्याआधी काय करून घेऊ?

नमस्कार मंडळी. मी नर्स, मूळची साताऱ्याकडची. गेलं वर्षभर आफ्रिकेतल्या मलावीत एका आरोग्य केंद्रात स्वयंसेवक म्हणून मिडवाइफरीच्या, म्हणजे बाळंतपण करायला शिकणाऱ्या, विद्यार्थिनींसोबत काम करतेय. तीन आठवड्यांनी परतायचंय आणि इथून पाय निघत नाहीये.

इथल्या बायका बाळंतपणाला येताना चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं रंगीत सुती कापड, सोबत आणतात. बाळ पुसायचं त्यातच, गुंडाळायचंही त्यातच. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवणाऱ्या डॉपलर यंत्राची बॅटरी गेली की लाकडी पिनार्ड कर्णा पोटावर टेकवायचा, कान लावायचा आणि मिनिटभर ठोके मोजायचे. ११० ते १६० मध्ये आले की जीव भांड्यात पडतो. हे मी इथेच शिकले.

कोणी असं काम करून परतलं असेल तर सांगा ना. केलेल्या बाळंतपणांच्या नोंदवहीवर कोणाकोणाचा सही-शिक्का घेऊ? आपल्याकडे २०१८ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमधला नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरीचा १८ महिन्यांचा कोर्स मला करायचाय. प्रवेशाला हा अनुभव धरतात का?

आणि जास्त जिवाला लागलेली गोष्ट. पार्टोग्राफ, म्हणजे कळा आणि बाळाचे ठोके नोंदवायचा तक्ता, बाळंतपण झाल्यावर मागाहून नाही, तर कळा चालू असतानाच भरायचा, ही सवय पोरींना मोठ्या कष्टाने लागलीय. माझ्यामागे ती टिकावी म्हणून तुम्ही काय केलं असतं? भिंतीवर लावलेला कागद आठवड्याभराने कोणी बघत नाही. त्यांच्यातल्याच एकीवर जबाबदारी सोपवली तर बाकीच्या ऐकतील का?