न्यूयॉर्कच्या लिफ्टमन कामगारांची ‘32 बी’ युनियन कशी उभी राहिली?

फोर्टची_लिफ्ट:
नमस्कार. माझे वडील मुंबईत फोर्टमधल्या एका जुन्या कचेरीच्या इमारतीत लिफ्टमन होते. जाळीचा सरकता दरवाजा, पितळी मूठ आणि लाकडी स्टूल, एवढेच त्यांचे कामाचे जग होते. लिफ्ट मजल्याच्या दोन बोटे वर किंवा खाली थांबली, की मूठ हलकेच फिरवून ती जुळवण्यात त्यांचा हात चांगलाच बसलेला होता. 1945 साली न्यूयॉर्कच्या लिफ्टमननी संप करून ते शहर थांबवले होते, असे नुकतेच वाचनात आले. ही संघटना कोणी बांधली आणि आपोआप चालणारी लिफ्ट आल्यावर तिचे काय झाले, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का?

जुना_कामगारवाचक:
पहिला प्रयत्न बराच आधीचा आहे. ए. फिलिप रँडॉल्फ आणि चँडलर ओवेन या दोन तरुण कृष्णवर्णीय समाजवाद्यांनी 1917 साली न्यूयॉर्कच्या लिफ्टमनना संघटित केले होते. ती संघटना टिकली नाही. पुढे रँडॉल्फ यांनी रेल्वेच्या शयनयानांतील पोर्टरांची मोठी युनियन उभारली.

‘लोकल 32 बी’ (‘लोकल’ म्हणजे राष्ट्रीय युनियनची स्थानिक शाखा) ही 1934 सालची. महामंदीचे दिवस होते, कामाचे तास भरमसाट होते आणि तक्रार करणाऱ्याच्या जागी दुसरा माणूस त्याच दिवशी मिळत असे. जेम्स बॅम्ब्रिक यांच्या नेतृत्वाखाली या युनियनने पहिला मोठा संप केला तो मॅनहॅटनच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांच्या भागात, आणि ही निवड मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. तिथले कारखाने उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर होते. कापडाचे तागे वर जाणे, तयार कपडे खाली येणे आणि कारागिरांची ये-जा, सारे लिफ्टवरच अवलंबून होते. 1936 च्या मार्चमध्ये संप राहत्या इमारतींपर्यंत पोहोचला, तेव्हा महापौर ला गार्डिया यांना शहरात आणीबाणी जाहीर करावी लागली.

हडसनकाठी:
एक गोष्ट लपवून चालणार नाही. 32 बी ज्या राष्ट्रीय युनियनची शाखा होती, तिचे अध्यक्ष जॉर्ज स्कॅलिस हे गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध असलेले गृहस्थ होते आणि 1940 साली युनियनचा पैसा लाटल्याबद्दल ते दोषी ठरले. त्या प्रकरणाची झळ बॅम्ब्रिक यांनाही लागली. 1941 मध्ये 32 बीची सूत्रे डेव्हिड सलिव्हन यांच्याकडे आली. आयर्लंडमधून आलेले सलिव्हन स्वतः लिफ्टमन होते आणि पुढे 1960 साली ते राष्ट्रीय युनियनचेही अध्यक्ष झाले. सामान्य सभासदांच्या वर्गणीवर नेत्यांनी डल्ला मारल्यानंतरही ही माणसे युनियन सोडून गेली नाहीत, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

आपण विचारलेला संप 24 सप्टेंबर 1945 रोजी सुरू झाला. संपावर गेले सुमारे 15,000 कामगार. पण इमारतींच्या दारांशी उभ्या असलेल्या संपकऱ्यांना ओलांडून आत जायचे नाही, असे शिवणकाम करणाऱ्या कामगारांनी ठरवल्यामुळे आणि वीस-तीस मजले चढणे कोणालाच शक्य नसल्यामुळे लाखो लोकांचे काम बंद पडले. पाच दिवसांनी गव्हर्नर ड्यूई यांच्या मध्यस्थीने प्रश्न लवादाकडे गेला.

फोर्टची_लिफ्ट:
आभारी आहे. मग एवढी ताकद दाखवूनही लिफ्टमन का संपला?

जुना_कामगारवाचक:
या संपामुळेच मालकांना स्वयंचलित लिफ्टचा खर्च परवडणारा वाटू लागला, असे अनेक जण म्हणतात. मला ते अर्धेच खरे वाटते, कारण मजुरी वाचवण्याचा हिशेब आधीपासूनच चालू होता. 1950 साली डॅलसमधील एका कार्यालयीन इमारतीत ओटिस कंपनीने लिफ्टमनविना चालणाऱ्या लिफ्ट बसवल्या आणि पुढच्या काही वर्षांत न्यूयॉर्कमधल्या मुठीही बटणांना जागा देऊ लागल्या.

युनियन मात्र टिकली, कारण ती केवळ लिफ्टमनची कधीच नव्हती. दरवान, हमाल, बॉयलरवर काम करणारे, सगळे एकाच इमारतीतले म्हणून सुरुवातीपासून एकाच युनियनमध्ये होते. 1977 मध्ये सफाई कामगारांची ‘32 जे’ तिच्यात मिळाली. आज ‘32 बीजे’ या नावाने तिचे 1,75,000 हून अधिक सभासद आहेत आणि न्यूयॉर्कच्या काही जुन्या निवासी इमारतींत मुठीची लिफ्ट चालवणारा माणूस अजूनही दिसतो.